ठाणे-नवी मुंबईच्या घरासाठी फर्निचर निवडताना

फर्निचरची खरेदी बहुतेक घरांत सोफ्यापासून सुरू होते, आणि घोळही तिथूनच सुरू होतो. दुकानाचा हॉल प्रशस्त असतो, छत उंच असतं. घोडबंदर रोडवरच्या टू बीएचकेचा हॉल १० बाय १५ चा. दुकानात आटोपशीर वाटलेला एल आकाराचा सोफा घरी आला की बाल्कनीचं सरकतं दार अर्धंच उघडतं आणि मग पाच-सात वर्षं घरातली माणसं त्या कोपऱ्यातून अंग चोरून जातात. म्हणून वस्तू बघायला जायच्या आधी घरात काय घडतं ते बघावं.

आधी घरातला आठवडा कागदावर

एक आठवडा साधी नोंद ठेवा. जेवण कुठे होतं, कपड्यांच्या घड्या कुठे घातल्या जातात, मुलं अभ्यासाला कुठे बसतात, लॅपटॉप कोणाच्या मांडीवर असतो, पाहुणे रात्री राहतात की चहा घेऊन जातात. घरातलं एक माणूस ऐरोलीला रात्रपाळीला आणि दुसरं सकाळची लोकल धरणारं असेल, तर चौघं जण टेबलावर एकत्र जेवण्याचा प्रसंग रविवारीच येतो. अशा घरात सहा खुर्च्यांचं डायनिंग टेबल घेतलं की त्यावर वर्तमानपत्रं, हेल्मेट आणि कुरियरची खोकी साठतात. भिंतीला लावलेलं दुमडतं टेबल आणि एकावर एक ठेवता येणारी चार स्टुलं तिथे पुरतात.

जमिनीचा हिशेब वेगळा करावा, कारण आपल्याकडे जमीन वापरात असते. गौरी-गणपतीत मखर मांडायचं, आरतीला वीस-पंचवीस माणसं उभी राहायची, तर हॉलमधली कुठली वस्तू दोघांना उचलून आत नेता येईल हे आधीच ठरलेलं बरं. दुसरी जागा पावसाळ्याची. जून ते सप्टेंबर कपडे बाल्कनीत वाळत नाहीत. स्टँड पंख्याखाली येतो आणि साधारण ५ बाय २ फूट जागा खातो. आराखड्यात ही जागा कोणी धरत नाही. ती धरा, कारण वर्षातले चार महिने तो स्टँड तुमच्या टीपॉयच्या जागी उभा असणार आहे.

वन बीएचकेत राहायला येणारे पाहुणे असतील तर दिवाणाचा विचार जरूर करा. जुनाट वाटतो म्हणून हल्ली तो टाळतात, पण ४०० चौरस फुटांत ६ बाय अडीच फुटांचा, खाली खण असलेला दिवाण बसायला, झोपायला आणि गाद्या-रजया ठेवायला एकाच वेळी उपयोगी पडतो. सोफा कम बेड दोन्ही कामं थोडी थोडी बिघडवतो. त्याची सांधणी रोज उघडझाप केल्याने ढिली होते, आणि झोपताना मधली फट नेमकी कमरेखाली येते. महिन्यातून एखाद्या वेळी लागणार असेल तरच तो घ्यावा.

भाड्याच्या घरात, ११ महिन्यांच्या करारावर राहत असाल, तर निवड आणखी सोपी: बोल्टने सुटणारा लाकडी किंवा लोखंडी पलंग, स्टीलचं कपाट, सुट्या खुर्च्या. पार्टिकल बोर्डच्या वस्तू एकदा जोडायला ठीक असतात. उघडून पुन्हा जोडल्या की स्क्रूची भोकं भुसभुशीत होतात, आणि दोन-तीन घरबदलांत कपाट हलायला लागतं.

माप घराचं घ्या, माहितीपत्रकाचं नको

रेराच्या, म्हणजे घरखरेदीच्या कायद्याच्या, व्याख्येनुसार कार्पेट एरियात आतल्या भिंतींनी व्यापलेली जागाही धरलेली असते. त्यामुळे चौरस फुटांचा आकडा फर्निचरसाठी फारसा उपयोगाचा नाही. स्टीलची टेप घ्या आणि प्रत्येक भिंत तीन उंचीवर मोजा: स्कर्टिंगच्या (भिंतीच्या तळाशी लावलेल्या टाइलच्या पट्टीच्या) वर, कमरेइतकी आणि छताजवळ. प्लास्टर क्वचितच सरळ असतं. तिन्हींतलं सगळ्यात लहान माप खरं धरायचं. स्कर्टिंगची टाइल दोन्ही बाजूंना मिळून वीस-पंचवीस मिलिमीटर खाते, म्हणून ६ फुटांच्या कोनाड्यात ६ फुटांचं तयार कपाट बसत नाही.

कागदावर भिंतींबरोबर हेही काढा: दारं कुठल्या बाजूला उघडतात, खिडकीचं झडप, स्विचबोर्ड जमिनीपासून किती उंच, एसी आणि त्याचा पाण्याचा पाइप. पलंगाच्या पाठीमागे प्लग गाडला जाणं ही सगळ्यात नेहमीची चूक. मग मोबाइल चार्ज करायला एक्स्टेंशनची वायर उशीखालून येते.

अंतरांचे काही आकडे लक्षात ठेवा. ये-जा करायची वाट ३० ते ३६ इंच, सोफा आणि टीपॉय यांत १६ ते १८ इंच, पलंगाच्या ज्या बाजूने उतरायचं तिथे किमान २४ इंच, जेवायच्या खुर्चीमागे ३० ते ३६ इंच. टेबलावर माणशी २४ इंच रुंदी.

आता बेडरूमचं गणित मांडून बघू, कारण जागा तिथेच सगळ्यात जास्त फसवते. खोली १० बाय ११ फूट, म्हणजे १२० बाय १३२ इंच. क्वीन साइज गादी ६० बाय ७८, पण पलंगाची चौकट धरून रुंदी ६४ इंचांच्या आसपास जाते. कपाटाची खोली २४ इंच. त्याहून कमी केली तर हँगर तिरका लावावा लागतो. पलंग आणि कपाट १० फुटांच्या बाजूने शेजारी आले, तर १२० मधून ६४ आणि २४ वजा जाऊन ३२ इंच उरतात. तेवढ्यात कपाट उघडून उभं राहता येतं, मात्र पलंग दुसऱ्या भिंतीला चिकटतो आणि आतल्या बाजूला झोपणाऱ्याला ओलांडून उतरावं लागतं. याच खोलीत किंग साइज, म्हणजे ७२ इंची गादी आणि ७६ इंची चौकट घातली, तर उरतात २० इंच. दार उघडेल, पण समोर माणूस उभा राहणार नाही. मांडणी ११ फुटांच्या बाजूने फिरवता आली तर क्वीनला १२ इंच जास्त मिळतात. सरकत्या दारांचं कपाट हा उपाय आहे, पण ते एका वेळी अर्धंच उघडतं, दारं एकापुढे एक असल्याने खोली दोन-तीन इंच जास्त लागते आणि खालच्या पट्टीत केस-धूळ अडकते. मोठ्या पलंगाचा हट्ट सोडणं बहुतेक वेळा जास्त स्वस्त पडतं.

एवढं करून मास्किंग टेपने किंवा वर्तमानपत्रं पसरून वस्तूचा आकार जमिनीवर आखा आणि दोन-तीन दिवस तसंच वावरा. जिथे पाय सारखा टेपवर पडतो, तिथे ती वस्तू नको.

वस्तू घरापर्यंत पोचणार कशी?

आठ माणसांच्या लिफ्टची प्रमाणित आतली जागा १३०० बाय ११०० मिलिमीटर आणि दार ८०० मिलिमीटर असतं, म्हणजे दार जेमतेम साडेएकतीस इंचांचं. सहा माणसांच्या लिफ्टचं ७०० मिलिमीटर. सात फुटी तीन आसनी सोफा यात आडवा जात नाही, आणि उभा करायचा तर लिफ्टच्या आतली उंची आधी मोजावी लागते. ८ बाय ४ फुटांची प्लायची शीट तर जातच नाही. मोठी सर्व्हिस लिफ्ट नसेल तर जिन्याने न्यावी लागते, आणि हमाली मजल्याच्या हिशेबाने लागते. नौपाड्यातल्या जुन्या इमारतींत किंवा सिडकोच्या बिनलिफ्टच्या तीन-चार मजली बिल्डिंगांत जिन्याच्या वळणावरची मोकळी जागा मोजा. सोफा सरळ जिन्यात अडत नाही, तो त्या वळणावर अडतो.

उपाय साधे आहेत. सोफ्याचे पाय आणि हात सुटे होतात का ते विचारा. किंग साइजसाठी ३६ बाय ७८ च्या दोन गाद्या घ्या. स्प्रिंगची अखंड गादी दुमडत नाही. सेंटिमीटरच्या मापात विकले जाणारे पलंग १५० बाय २०० किंवा १८० बाय २०० चे असतात आणि ६० बाय ७२, ६० बाय ७५ या आपल्याकडच्या जुन्या गाद्या त्यात लांबीला अपुऱ्या पडतात, म्हणून गादी आणि पलंग यांचं माप एकाच वेळी ठरवावं.

सोसायटीच्या ऑफिसमध्ये एक फेरी आधी मारा. सामान चढवायच्या वेळा, रविवारची बंदी, सुतारकामासाठी अनामत आणि ठोकाठोकीचे तास हे प्रत्येक सोसायटीचे वेगळे असतात. टेम्पो गेटवर उभा राहिल्यावर ते कळून उपयोग नाही.

खाडीची हवा आणि रोजचा पोछा

ठाण्याला खाडी, वाशी-नेरुळला खाडी, आणि पावसाळ्यात महिनोन्‌महिने दमट हवा. इथल्या घरात माल निवडताना रंगाआधी पाणी आठवावं.

पार्टिकल बोर्ड म्हणजे लाकडाचा भुसा आणि गोंद दाबून केलेला बोर्ड. वर लॅमिनेट असतं तोवर तो देखणा दिसतो. आपल्याकडे लादी रोज ओल्या फडक्याने पुसली जाते, पाणी कपाटाच्या खालच्या कडेला लागतं, तिथून बोर्डात शिरतं आणि दोनेक पावसाळ्यांत तळ पावासारखा फुगतो. फुगलेला बोर्ड परत बसत नाही. म्हणून जमिनीला टेकणारी कुठलीही वस्तू चार ते सहा इंची पायांवर घ्या. खालून फडकंही फिरतं आणि झाडूही. पाय शक्य नसतील तर कपाटाखाली ग्रॅनाइटची किंवा पीव्हीसीची पट्टी लावून घ्या. एमडीएफ, म्हणजे लाकडाचे बारीक तंतू दाबून केलेला बोर्ड, पार्टिकल बोर्डपेक्षा घट्ट आणि गुळगुळीत, पण साधा एमडीएफ पाण्याला तितकाच कच्चा. तो वरच्या शोकेसला, टीव्हीमागच्या पॅनेलला चालतो. एचडीएचएमआर हा त्याच जातीचा जास्त दाट बोर्ड ओलावा जास्त सोसतो, मात्र वजनाला भारी असतो आणि बिजागऱ्यांवर ताण येतो.

प्लायवुडमध्ये अक्षरांच्या तीन खुणा बघायच्या. आयएस ३०३ या भारतीय मानकाखालचं एमआर (मॉइश्चर रेझिस्टंट) हे साधं, कोरड्या जागेसाठीचं प्लाय. त्याच मानकातलं बीडब्ल्यूआर (बॉइलिंग वॉटर रेझिस्टंट) पाण्याला जास्त टिकतं. आयएस ७१० म्हणजे मरीन, बीडब्ल्यूपी (बॉइलिंग वॉटरप्रूफ) प्रतीचं. सगळं घर मरीनमध्ये करायची गरज नसते. सिंकखालचं कपाट, बाथरूमला लागून असलेल्या भिंतीचं कपाट आणि बाल्कनीजवळचं काम आयएस ७१० मध्ये. बेडरूमची कपाटं बीडब्ल्यूआरमध्ये. हॉलमधलं वरचं शोकेस एमआरमध्ये झालं तरी चालतं. शीटवर आयएसआयची खूण आणि सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक छापलेला असतो. तो बीआयएस केअर अॅपवर टाकला की परवाना कुणाचा आणि चालू आहे का ते दिसतं. प्रत्येक शीट बघावी, वरची एकच नाही. शंका असेल तर तळहाताएवढा तुकडा कापून तीन-चार तास पाण्यात उकळा. साधं एमआर थर सोडायला लागतं. त्यावर मरीन म्हणून शिक्का असेल तर माल परत पाठवा. कापलेल्या कडेला मधल्या थरांत पोकळ्या दिसल्या तरी तेच, कारण पोकळीत स्क्रू धरत नाही.

नैऋत्येचा पाऊस पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या बाहेरच्या भिंतींवर आपटतो. त्या भिंतीला कपाट लावायचं टाळा. टळत नसेल तर आधी एक पावसाळा भिंत बघा, ओल असेल तर बाहेरून बंद करून घ्या, आणि तरी कपाटाच्या मागे दोन इंच फट ठेवा. आतून रंग मारून ओल फक्त झाकली जाते. बुरशी मग कपड्यांना लागते.

रेक्झिनच्या सोफ्याबद्दल स्पष्टच सांगायला हवं. स्वस्त नकली चामड्यावर बऱ्याचदा पॉलियुरेथेनचा पातळ थर असतो. हवेतल्या ओलाव्याने त्याची रासायनिक बांधणी तुटत जाते, आणि सोफा वापरला नाही तरी काही वर्षांत पापुद्रे सुटून कपड्यांना चिकटतात. दुरुस्ती नाही, पूर्ण कव्हर बदलावं लागतं. या हवेत चेन लावलेलं, काढून धुता येणारं घट्ट विणीचं कापड बरं.

भरीव लाकडात सागाला तोड नाही. त्यातल्या तेलामुळे वाळवी आणि ओल दोन्हींना तो टिकतो. पण सागवानी म्हणून रबरवुडला रंग देऊन किंवा प्लायवर सागाचं व्हिनियर, म्हणजे पातळ पापुद्रा, लावूनही विकतात. खणाची आतली बाजू आणि वस्तूची पाठ बघा. खरं लाकूड असेल तर फळीच्या तोंडावर रेषा आरपार जातात, व्हिनियर असेल तर कडेला पातळ थर दिसतो. आंबा आणि बाभूळ स्वस्त, पण नीट वाळवलेले आणि औषध मारलेले हवेत. नाहीतर टाचणीएवढी भोकं पडून खाली पिठासारखा भुसा पडायला लागतो. जुलैत लाकडी दार किंवा खण फुगून अडला तर लगेच रंधा मारू नका. हिवाळ्यात तो आपोआप आकसतो, आणि रंधा मारलेला असेल तर कायमची फट राहते.

पॉलिशचं काम दिवाळीच्या सुमारास काढावं. भर पावसात मारलेलं मेलामाइन किंवा लॅकर ओलावा धरतं आणि पृष्ठभागावर दुधी ढग उमटतात.

बसून, उचलून, ओढून बघा

सोफ्यावर दोन मिनिटं नको, दहा मिनिटं बसा, घरी बसता तसे. सीटची उंची १६ ते १८ इंच. गुडघे दुखणारे आई-वडील घरात असतील तर १८-१९ आणि कडक सीट, शिवाय उठताना धरायला ठाम हात हवेत. सीटची खोली २० ते २२ इंच असली की पाय जमिनीला टेकतात. २४ च्या पुढे फक्त मांडी घालून बसणाऱ्यांसाठी. फोमची घनता विचारा: सीटला ३२ ते ४० किलो प्रति घनमीटर, पाठीला त्याहून कमी चालते. आकडा सांगता येत नसेल तर कुशनची चेन उघडून दाखवायला सांगा. मग पुढचा एक पाय सहा इंच उचला. दुसरा पुढचा पायही लगेच उचलला गेला तर चौकट भक्कम. तो जमिनीवरच राहिला तर चौकट पिळते आहे आणि वर्षभरात करकरेल.

खण पूर्ण बाहेर ओढून वर तळहाताने दाबा. फळ्यांचा गाळा बघा: १८ मिलिमीटर प्लायची फळी पुस्तकांच्या वजनाखाली अडीच फुटांपुढे वाकते, पार्टिकल बोर्डची दोन फुटांतच. बिजागऱ्या आणि चॅनेलवर (खण ज्यावर सरकतो त्या पट्ट्यांवर) पैसे वाचवू नका. रोज हात त्यालाच लागतो आणि दमट हवेत पहिला गंजही त्यालाच. किचनमध्ये स्टेनलेस स्टील ३०४ च्या बिजागऱ्या मागाव्यात.

तयार घ्यायचं की सुताराकडून करून घ्यायचं

तयार वस्तूंसाठी इथल्या माणसाला पर्याय भरपूर: तुर्भ्याला २०२० च्या डिसेंबरात सुरू झालेलं आयकिया, उल्हासनगरचा फर्निचर बाजार, आणि नवी मुंबईच्या प्रत्येक नोडमधली, म्हणजे उपनगरातली, दुकानं. सुट्या, हलवता येणाऱ्या वस्तू तयार घ्याव्यात. भिंतीत बसणारी कपाटं, माळ्यापर्यंत जाणारी, विचित्र खांबाला वळसा घालणारी, ती सुताराकडून किंवा मापाने करून घ्यावीत.

सुताराकडे जाताना शीटचा अंदाज स्वतःकडे हवा. ६ फूट रुंद, ७ फूट उंच, २ फूट खोल कपाट घ्या. दोन बाजू आणि मधला उभा पडदा मिळून ४२ चौरस फूट, वरखालच्या फळ्या २४, सहा आडव्या फळ्या ३६, दारं ४२, एकूण १४४. एका शीटमध्ये ३२ चौरस फूट, म्हणजे साडेचार. कापणीतली नासाडी धरून १८ किंवा १९ मिलिमीटरच्या पाच, फार तर सहा शीट आणि पाठीला ६ मिलिमीटरच्या दोन. यादीत नऊ शीट लिहिल्या असतील तर कुठे जाणार आहेत ते कागदावर काढून मागा.

सात फुटी दारांसाठी प्लायऐवजी ब्लॉकबोर्ड (आत लाकडी पट्ट्या असलेला बोर्ड) सांगा, तो कमी वाकतो. दाराच्या बाहेरून १ मिलिमीटरचा सनमायका असेल तर आतूनही लॅमिनेट हवंच. आतली बाजू नुसती रंगवली की एका बाजूने ओलावा शिरतो आणि दार धनुष्य होतं.

आवड कशी ओळखायची

आवडलेल्या पंधरा-वीस खोल्यांचे फोटो जमवा आणि त्यांत सारखं काय आहे ते शोधा. बऱ्याचदा आवडलेली असते ती मोकळी जमीन आणि खिडकीतला उजेड. (फोटोतल्या खोलीत वायरी, पायपुसणं आणि वाळत घातलेले कपडे नसतात, हेही ध्यानात घ्या.) मग हौस एकदोन वस्तूंवर करा आणि बाकीच्या गप्प ठेवा. एका खोलीत लाकडाच्या दोनपेक्षा जास्त छटा आल्या की दुकान भासतं. सनमायक्याचा तुकडा घरी आणून दुपारच्या उजेडात आणि रात्री दिव्याखाली, उभा धरून बघा. चकचकीत फिनिशवर बोटांचे ठसे आणि ओरखडे उठून दिसतात. लहान मुलं असतील तर मॅट घ्या.

आजीचं सागवानी कपाट किंवा वेताची खुर्ची घरात असेल तर ती मध्यभागी धरून बाकीचं ठरवा. पॉलिश उतरवून नवं करणं आणि वेत पुन्हा विणून घेणं नव्या वस्तूपेक्षा बहुधा कमी खर्चाचं असतं, आणि तसं लाकूड आता सहज मिळत नाही. झोपाळ्याची हौस असेल तर स्लॅबला ड्रिल लावण्याआधी सोसायटीकडून किंवा बिल्डरकडून स्लॅब कसला आहे ते विचारा. काही उंच इमारतींत स्लॅबमध्ये ताणलेल्या केबल असतात आणि तिथे भोक पाडणं धोक्याचं. मग स्टँडवरचा झोपाळा घ्यायचा.

ऑर्डर देताना आणि माल आल्यावर

बिलावर मॉडेलच्या नावाबरोबर माल लिहून घ्या: प्लायची प्रत आणि मिलिमीटर, फोमची घनता, बिजागरी आणि चॅनेलची कंपनी, लाकडाचं नाव. ‘वॉटरप्रूफ’ आणि ‘प्रीमियम’ हे शब्द तक्रारीच्या वेळी कामाला येत नाहीत. मजला चढवण्याचा खर्च आणि जोडणी किमतीत आहे का तेही लिहून घ्या. करून घेतलेल्या कामाचे पैसे टप्प्याने द्या आणि शेवटचा हप्ता सगळी दारं जुळल्यावर.

माल आला की खोकं फोडण्याआधी बाहेरून फोटो काढा. पाठ, तळ आणि कडा बघा, एजबँड, म्हणजे कडेला चिकटवलेली पट्टी, नखाने उचकटतो का पाहा. जुनं फर्निचर घेत असाल तर ते घरात आणण्याआधी शिवणी, चौकटीचे सांधे आणि खणांचे कोपरे टॉर्चने तपासा; ढेकूण तिथेच दडतात. तपासणी होईपर्यंत ते पॅसेजमध्येच राहू द्या, शेजाऱ्यांना आधी सांगून.